एक सभा की अनेक?

एखादी विद्वत्सभा नावारूपास आली, सभासद वाढले आणि त्यांच्याबरोबर विषयही वाढले, म्हणजे थोड्याच दिवसांत एक कुरकूर कानी पडू लागते. वनस्पतींच्या अभ्यासकास ताऱ्यांवरील निबंध नीरस वाटतो. शेवाळावरील निबंध सुरू झाला की ज्योतिषी घड्याळाकडे पाहू लागतो. मग प्रश्न उभा राहतो : ज्याची त्याची सभा निराळी करावी, की सर्वांनी एकाच दिवाणखान्यात बसावे? लंडन शहरात या प्रश्नावरून एकेकाळी चांगलेच वादंग माजले होते.

तेथील रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली. धूमकेतू, हवेचा दाब, रक्तसंक्रमण, सूक्ष्मदर्शकातून दिसणारे पिसवेचे अवयव, असे सारे विषय तिच्या बैठकीत एकत्र नांदत. १७७८ साली जोसेफ बँक्स हे तिचे अध्यक्ष झाले व ४१ वर्षे त्या पदावर राहिले. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ. १७८८ साली केवळ वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासाकरिता लिनियन सोसायटी निघाली, तेव्हा त्यांनी तिला पाठिंबाच दिला. तो विषय त्यांचा स्वतःचा होता, हे मात्र येथे विसरता कामा नये.

पुढे नोव्हेंबर १८०७ मध्ये १३ गृहस्थ एका खाणावळीत जमले व त्यांनी भूगर्भशास्त्राकरिता जिऑलॉजिकल सोसायटी काढली. आरंभी हे एक भोजनमंडळच होते आणि बँक्सही लवकरच त्यात सामील झाले. परंतु ही मंडळी स्वतःचा संग्रह जमवू लागली, स्वतःचे निबंध छापण्याच्या गोष्टी करू लागली, तेव्हा त्यांना धोका दिसला. नव्या सभेने रॉयल सोसायटीची अंकित शाखा व्हावे, अशी सूचना पुढे आली. ती अमान्य होताच १८०९ साली बँक्स राजीनामा देऊन मोकळे झाले. १८२० साली ज्योतिषशास्त्रज्ञांनी निराळी सभा काढून सॉमरसेटच्या ड्यूकना अध्यक्ष निवडले, तेव्हाही बँक्स यांनी त्यांचे मन वळवून त्यांस ते पद सोडावयास लावले. त्याच वर्षी बँक्स वारले, आणि ज्योतिष्यांना विल्यम हर्शेलसारखा अध्यक्ष लाभला.

प्रत्येक शास्त्राने आपापली माणसे उचलून नेली तर मातृसंस्थेजवळ उरेल काय, ही बँक्स यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. तथापि त्यांच्या सभागृहात वाचलेल्या निबंधावर वाद करण्याचा प्रघातच नव्हता. निबंध वाचला जाई, आभार मानले जात, मंडळी घरी जात. जिऑलॉजिकल सोसायटीत याच्या उलट. तेथे बाके पार्लमेंटप्रमाणे समोरासमोर मांडलेली असत आणि जाणत्यांची खरोखरची झुंज लागे. डेव्हनशायरमधील खडक कोणत्या काळातले, हा वाद १८३४ पासून कित्येक वर्षे चालला व त्यातूनच १८३९ साली ‘डेव्होनियन’ ही भूस्तरांची नवी संज्ञा निघाली. इतकी बारीक छाननी मिश्र श्रोतृवर्गापुढे झाली असती, असे मानणे कठीण आहे.

आणि मातृसंस्था तरी कोठे ओस पडली? १८२८ मध्ये जिऑलॉजिकल व १८३४ मध्ये अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी सॉमरसेट हाऊसमध्ये राहावयास आल्या. रॉयल सोसायटीचे बिऱ्हाडही तेथेच होते! अनेकजण दोन्हीकडचे सभासद असत. उलट १८८७ साली रॉयल सोसायटीसच आपल्या निबंधमालेचे दोन भाग करावे लागले : एक गणित व भौतिक विषयांचा, दुसरा जीवशास्त्राचा. सभागृह मात्र एकच राहिले.

मुंबईतही अशा सभांचे दोन नमुने सापडतात. येथील भूगोलविषयक स्वतंत्र सभा, म्हणजे बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी, कित्येक वर्षे चालून १८७३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, आठ रहिवाशांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. तिच्याजवळ जमविण्यासारखे नमुने होते, एकमेकांस दाखविण्यासारखे पक्षी व कीटक होते; १८८६ पासून तिचे नियतकालिकही निघू लागले आणि ती संस्था टिकली. त्या आठांपैकी दोघे डॉक्टर आत्माराम पांडुरंग व डॉक्टर सखाराम अर्जुन होत. यांपैकी आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले. पशुपक्ष्यांच्या सभेकरिता त्यांना तो समाज सोडावा लागला नाही.