‘मॅलफंक्शन ५४’ म्हणजे नेमके काय?

२१ मार्च १९८६. अमेरिकेत टेक्सासमधील टायलर गावच्या कर्करोग केंद्रात एका रुग्णाला किरणोपचार दिले जात होते. यंत्राचे नाव थेरॅक-२५. तंत्रज्ञ महिलेने बटण दाबले, यंत्र थांबले आणि पडद्यावर अक्षरे उमटली : ‘मॅलफंक्शन ५४’. ठरलेल्यापेक्षा फारच कमी मात्रा गेल्याचे आकडा सांगत होता. यंत्राच्या अशा कुरबुरी नेहमीच्याच होत्या, म्हणून तिने उपचार पुढे चालू केले. नंतरच्या अंदाजानुसार त्या रुग्णाला १८० रॅडऐवजी १६,५०० ते २५,००० रॅड मात्रा बसली होती. पाच महिन्यांनी तो दगावला. ११ एप्रिलला त्याच यंत्रावर तीच सूचना पुन्हा आली आणि आणखी एका रुग्णाचा बळी गेला.

या ५४ क्रमांकाचा अर्थ यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नव्हता. दुसऱ्या एका कागदावर त्यापुढे ‘डोस इनपुट २’ एवढेच लिहिलेले होते. निर्मात्यांच्या लेखी त्याचा अर्थ होता : मात्रा एकतर फार जास्त किंवा फार कमी गेली आहे. हे एक वाक्य पडद्यावर असते, तर बटण पुन्हा दाबण्याआधी कोणीही थबकले असते.

१९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ मुळे अशा सहा दुर्घटना घडल्या. मूळ दोष संगणक प्रणालीत होता. टायलरमध्ये भरलेली माहिती झटपट दुरुस्त केली, की यंत्राचा गोंधळ उडे. आधीच्या मॉडेलमधली स्वतंत्र संरक्षक मंडले या यंत्रातून काढून टाकलेली होती. पण १९८३ च्या सुरक्षा अहवालात धोका नगण्य दिसत होता. संगणक चुकीची ऊर्जा निवडण्याची शक्यता त्यात दहा हजार कोटींत एक अशी दिली होती. हा आकडा कुठून आला, याचे स्पष्टीकरण नव्हते. प्रणालीत उरलेल्या चुका या विश्लेषणात धरलेल्याच नाहीत, हे मात्र गृहीतकांमध्ये नमूद होते. म्हणजे ज्या भागातून संकट आले, तोच भाग हिशेबाबाहेर होता.

आपल्याकडे दरवर्षी हजारो विद्यार्थी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल लिहितात. काहींची उपकरणे रुग्णांसाठी असतात आणि त्यासाठी ते सरकारी रुग्णालयातही येतात. बऱ्याच अहवालांची सुरुवात तंत्रज्ञानाच्या इतिहासाने होते आणि शेवट ‘उपकरण समाधानकारक आढळले’ या वाक्याने. मधल्या पानांत कुठेतरी ‘अचूकता ९५ टक्के’ असे लिहिलेले असते.

समजा, ते उपकरण बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे आहे. मग डॉक्टरला पडणारे प्रश्न साधे आहेत. अचूकता कशाच्या तुलनेत मोजली? किती माणसांवर? सगळे निरोगी मित्रच होते, की ऑक्सिजन ८५ च्या खाली गेलेला एखादा रुग्णही होता? गडद त्वचेवर ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो; ते तपासले का? या उत्तरांवाचून ९५ हा आकडा निरर्थक आहे.

म्हणून पहिल्याच पानावर चार गोष्टी असाव्यात : काय बनवले, कोणासाठी, काय आढळले आणि काय तपासलेले नाही. यातली चौथी गोष्ट विद्यार्थी टाळतात, कारण ती लिहिल्यास गुण कापले जातील अशी भीती असते. मार्गदर्शकांनी उलट तिलाच गुण द्यावेत. प्रत्येक आकड्यापुढे एकक आणि तो कसा मिळाला ते लिहावे. धोक्याची सूचना सांकेतिक क्रमांकात न देता ‘थांबा, मात्रा तपासा’ अशा शब्दांत द्यावी. शेवटी, हा विषय ठाऊक नसलेल्या माणसाला अहवाल वाचायला द्यावा आणि ‘यावरून तू काय करशील?’ असे विचारावे. त्याचे उत्तर चुकले, तर वाक्य बदलावे.

अहवाल लिहिणारा उपकरणाशेजारी कायम उभा नसतो. रात्रपाळीच्या परिचारिकेला अडचण आली, तर तिच्या हाताशी त्याने लिहिलेले शब्दच असतात. ते तिला वाचताक्षणी कळायला हवेत.