जयभीम लिहिलेला प्रत्येक मेसेज खरा नसतो

पूर्वी वस्तीत अंगारा, गंडा, ताईत यायचा तेव्हा तो देणारा बाबा समोर दिसायचा. त्याला प्रश्न विचारता यायचे, आणि १९५६ नंतर आपल्या आया-आज्यांनी ते विचारलेही. देव्हारे निघाले, उतारे बंद झाले. आता तोच ताईत मोबाईलमधून येतो आणि आपल्याच माणसाच्या हातून येतो. वर बाबासाहेबांचा फोटो, सुरुवातीला 'सप्रेम जयभीम' आणि खाली 'रोज सात पाने चावा, शुगरची गोळी कायमची सुटेल'. पाठवणारे मामा असतात, विहार समितीचे सचिव असतात, निवृत्त मास्तर असतात. त्यांना 'हे खोटे आहे' असे तोंडावर कोण म्हणणार?

आम्ही आरोग्य कार्यकर्त्या बीपी, शुगर आणि सिकलसेलसाठी घरोघरी फिरतो. पूर्वी बायका विचारायच्या, "सिस्टर, ही गोळी कशाची?" आता त्याच आम्हाला सांगतात, "सिस्टर, ही गोळी किडनी खराब करते. ग्रुपवर आलं होतं."

सिकलसेलचेच बघा. विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढाव्यात तशा वेदना होतात. यावर हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध आहे. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, ते या औषधाने वाढते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण कमी होते. गुण यायला काही महिने लागतात, अधूनमधून रक्त तपासावे लागते आणि औषध सोडले की त्रास परत सुरू होऊ शकतो.

एका वस्तीत 'तुमच्या मुलांना कॅन्सरची गोळी देतात' असा आवाजी मेसेज फिरला. त्यातली मेख अशी की हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांतही वापरतात. म्हणजे मेसेज अर्धा खरा. एका आईने घाबरून मुलाची गोळी बंद केली आणि मेसेजमध्ये सांगितलेला काढा सुरू केला. पुढे थंडीत पोराला असह्य कळा आल्या, दवाखान्यात ठेवावे लागले, रक्त चढवावे लागले. त्या आईला अडाणी म्हणू नका. ती बारावी शिकलेली आहे. तिला तो मेसेज तिच्या सख्ख्या नणंदेने पाठवला होता. नणंदेला तो महिला मंडळाच्या ग्रुपवरून मिळाला होता. मंडळाच्या ग्रुपवर कुठून आला, ते शेवटपर्यंत कळले नाही.

शिकलेली, चळवळीतली माणसे असे मेसेज पुढे का ढकलतात? काळजीपोटी, हे एक उत्तर. दुसरे उत्तर त्या अॅपच्या रचनेत आहे. पुढे पाठवायला विचार लागत नाही, बोट लागते. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ती भटकी माणसे होती. मोबाईलवरून पसरलेल्या अफवांनी त्या काळात देशात ठिकठिकाणी असे बळी घेतले. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. तेवढ्याने अशा मेसेजचे पुढे जाणे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. बंदी नव्हती. पुन्हा पुन्हा पाठवायची मोकळीक होतीच, फक्त बोटाला थोडे जास्त काम पडले. मग आधी जे चालले होते, त्यातले किती आपण मनापासून पाठवत होतो?

रात्री अकराला फोन उशाशी घेऊन एकदाच बघते म्हणणारीचा दीड वाजतो, तेही याच रचनेमुळे. पुढचा मेसेज मजेचा असेल की कंटाळवाणा, हे माहीत नसते, म्हणून हात थांबत नाही. बीपीच्या रुग्णांना आम्ही गोळीइतकीच झोपेची वेळ विचारतो.

मोबाईल फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. वर्तमानपत्रांनी न छापलेले अत्याचार आपल्याला याच ग्रुपवरून कळले. मध्यरात्री रक्तदाते याच ग्रुपवरून मिळतात. (तारीख नसलेला 'रक्त हवे आहे' हा मेसेज मात्र रुग्ण घरी गेल्यावरही महिनोन्महिने फिरतो आणि ज्याचा नंबर त्यात असतो तो बिचारा फोन घेऊन घेऊन बेजार होतो.)

व्हॉट्सअॅपवरचे बोलणे बाहेरच्या कोणाला वाचता येत नाही. ते चांगलेच आहे. पण याचा अर्थ असाही, की ग्रुपवरचे खोटे ग्रुपमधल्यांनीच थांबवायचे. केसपुत्तच्या कालामांनी कोणाचे खरे मानावे असे विचारले, तेव्हा ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका, असेच भगवान बुद्धांनी सांगितले. वर्षावासात आपण हे दरवर्षी ऐकतो. मग मामांच्या फॉरवर्डला त्यातून सूट कशी?

आम्ही काही ग्रुपच्या अॅडमिनशी बोललो. मेसेजवर दुहेरी बाण दिसला, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरून आला आहे. औषधाबद्दलच्या अशा मेसेजखाली आता कोणीतरी एवढेच विचारते, "कोणत्या डॉक्टरांनी, कुठल्या दवाखान्यात, कधी सांगितले?" उत्तर आले नाही तर अॅडमिन तो सर्वांसाठी काढून टाकतात. पाठवणाऱ्याला ग्रुपवर काही बोलायचे नाही, वेगळा फोन करायचा. मास्तरांचा मान राहतो आणि बहुधा ते ऐकतातही. सुरुवातीला दोघे-तिघे रुसून ग्रुप सोडून गेले, त्यांतले एक परत आले.

शंका असेल तर १०४ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनवर विचारता येते. झोप उडाली असेल, मन लागत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. आणि ज्यांना फोनवर विचारायचा संकोच वाटतो, त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात आम्हाला भेटावे. येताना तो मेसेज आणि चालू असलेल्या गोळ्यांचे पाकीट, दोन्ही सोबत आणावे.