वजनाचा कलंक आणि आरोग्यसेवा : एक विवेचन

शरीराच्या वजनावरून व्यक्तीच्या संयमाचा व योग्यतेचा निवाडा करणे म्हणजे वजनविषयक कलंक होय. ‘जाड्या’, ‘काडी पहिलवान’ ही संबोधने समाजात थट्टा म्हणून खपून जातात; परंतु हीच दृष्टी दवाखान्यात शिरली की तिचे परिणाम गंभीर होतात. स्थूल रुग्णाची गुडघेदुखी वा धाप ‘वजन उतरवा’ एवढ्याच सल्ल्यावर बोळवली जाते. अवहेलनेच्या भयाने तो पुढील तपासणी टाळतो व निदान लांबते. सततचा मानसिक ताण नैराश्यास व अतिखाण्यास पोषक ठरतो. त्यामुळे हिणवल्याने वजन घटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक असतो.

केवळ दिसण्यावरून आरोग्य ठरविणे कृश व्यक्तीलाही घातक ठरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३ असा समान होता; मात्र शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता. सडपातळ भारतीयासही मधुमेहाचा धोका का असतो, हे यावरून उमगते. सावर्डेनजीक डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातील किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा अभ्यास हाती घेतला आहे, तोही याच दृष्टीने महत्त्वाचा होय.

महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत वजनाचा आकडा सर्वांसमक्ष पुकारला जाऊ नये, एवढी दक्षता प्राध्यापकांना आजही घेता येईल. विद्यार्थ्याचा सन्मान राखला, तरच तो पुन्हा तपासणीस येईल.