पोराचे वजन वाढले : अंग भरले की पाणी साठले?

मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे मिशन रुग्णालय उघडले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. आजही सांगली-सातारा आणि कर्नाटकातून माणसे पेशंट घेऊन मिरजेलाच येतात. त्यांत दोन्ही किडन्या निकामी झालेल्या लेकरांचे आईबापही असतात.

अशा मुलाला बहुधा आठवड्यातून तीनदा, दरवेळी सुमारे चार तास डायलिसिसवर ठेवतात. लघवी होत नसल्याने प्यालेले पाणी अंगातच राहते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. अंगात जादा पाणी नसतानाचे जे वजन, त्याला डॉक्टर 'कोरडे वजन' म्हणतात. आजच्या वजनातून ते वजा केले की किती पाणी काढायचे ते कळते.

हिशेब सोपा दिसतो, पण मूल वाढते असते. वजन एक किलोने वाढले, ते अंग भरले म्हणून की पाणी साठले म्हणून? उलट, आजारपणात पोर रोडावले आणि त्याच जागी पाणी भरले, तर काटा जुनेच वजन दाखवतो. पंधरा किलोच्या मुलाच्या अंगात रक्तच जेमतेम सव्वा लिटर. पाणी जास्त काढले तर रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात, उलट्या होतात. कमी काढले तर दम लागतो, हृदयावर ताण येतो.

छातीची सोनोग्राफी

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. निरोगी फुप्फुसात हवा असते, तिच्यातून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. पाणी साठू लागले की पडद्यावर वरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या रेषा दिसतात. रेषा जितक्या जास्त, तितके पाणी जास्त. पोटातील मोठी शीर फुगलेली आहे की श्वासासरशी आकसते, हेही पाहतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, दुखत नाही. मात्र न्यूमोनियातही अशा रेषा दिसतात. म्हणून वजन, सूज, रक्तदाब हे सारे ताडूनच डॉक्टर निर्णय घेतात.

सोनोग्राफी म्हटले की आपल्या भागात म्हैसाळ आठवते. २०१७ साली तेथे १९ भ्रूण सापडले. कायदा कडक आहे तो गर्भलिंग तपासणीसाठी. नोंदणी केलेल्या यंत्रावर लेकराची छाती तपासायला त्याची आडकाठी नाही.

आईबापांनी काय करावे?

एक वही घाला. रोजचे वजन, प्यालेले पाणी, चेहऱ्यावरची सूज लिहा. लोणचे, पापड, फरसाण बंद ठेवा, कारण मिठाने तहान वाढते. "कोरडे वजन पुन्हा कधी ठरवणार? छातीची सोनोग्राफी करता येईल का?" असे डॉक्टरांना न भिता विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि वजन वाढलेले दिसले की 'पाणी चोरून प्यालास' म्हणून पोराला मारू नका. कदाचित ते पोर वाढत असेल.