फवारणीतील मापांचे अचूक रूपांतर

कीटकनाशकाची मात्रा शिफारशीत कधी प्रति लिटर पाण्यास, तर कधी प्रति हेक्टरी दिलेली असते. फवारणी मात्र पंपाच्या हिशेबाने होते. म्हणून मापांचे रूपांतर अचूक असणे आवश्यक आहे. १ लिटर म्हणजे १,००० मिलिलिटर, तर १ हेक्टर म्हणजे सुमारे २.५ एकर.

समजा, हेक्टरी ५०० लिटर पाण्यात १ लिटर द्रवरूप औषधाची शिफारस आहे. १,००० मिलिलिटरला ५०० ने भागल्यास प्रति लिटर २ मिलिलिटर हे प्रमाण मिळते. त्यानुसार १५ लिटरच्या पंपास ३० आणि १६ लिटरच्या पंपास ३२ मिलिलिटर औषध लागते. एकरासाठी २०० लिटर पाणी व ४०० मिलिलिटर औषध लागेल.

प्रति हेक्टरी मात्रा ठरलेली असताना पाणी कमी वापरल्यास प्रति लिटर प्रमाण बदलते. २५० लिटर पाण्यासाठी ते ४ मिलिलिटर होईल. मात्र इतके कमी पाणी लेबलवरील सूचनेत बसते का, हे आधी पाहावे.

बाटलीच्या झाकणाने माप घेऊ नये. झाकणे सारख्या आकाराची नसतात. मात्रा कमी पडल्यास कीड आटोक्यात येत नाही. वाढल्यास खर्च आणि शेतमालातील अवशेष वाढतात. याकरिता मिलिलिटरच्या खुणा असलेले स्वतंत्र मोजपात्रच वापरावे.