देवी रुसते तेव्हा

माळव्यातल्या देवासच्या माता टेकरीवर दोन देवी आहेत. थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. गावात त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. कथा अशी सांगतात की, या दोघी बहिणींत एकदा जोराचं भांडण झालं. थोरली पाताळात निघाली, धाकटी टेकरी सोडून चालू लागली. हनुमान आणि भैरव धावत आले, विनवण्या केल्या, तेव्हा दोघींची पावलं थांबली. तोवर थोरलीचं अर्धं अंग जमिनीत गेलेलं होतं. ते तसंच राहिलं.

जपानच्या शिंतो परंपरेतली सर्वांत गाजलेली कथाही अशाच रुसव्याची आहे. इसवी सन ७१२मधल्या ‘कोजिकी’ ग्रंथात ती येते. सूर्यदेवी अमातेरासूच्या भावाने, सुसानोओने, तिच्या भातखाचरांचे बांध फोडले, विणकामाच्या दालनात सोललेला घोडा फेकला. देवी उद्विग्न होऊन गुहेत शिरली, शिळा लावून घेतली आणि जगात अंधार पसरला. देव जमले. कोंबडे आरवायला लावले, झाडावर रत्नं, आरसा आणि वस्त्रं टांगली, एकाने स्तुतिपाठ म्हटला. मग उझुमे नावाच्या देवीने पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत असा काही नाच केला की सगळे देव खदखदा हसले. हे हसणं कसलं, म्हणून अमातेरासूने शिळा किंचित सरकवली. तेवढ्यात समोर आरसा धरला गेला, एका बलदंड देवाने तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं आणि मागे दोर बांधून परतीची वाट अडवली. शिंतो देवळांवर भाताच्या काडांचे जाड दोर दिसतात, त्यांचा संबंध या दोराशी जोडतात.

मला या दोन्ही कथांत महत्त्वाची वाटते ती मनधरणी. रागावलेल्या देवतेला कुणी दरडावत नाही. देवासला विनवणी होते, जपानात स्तुती, नाच आणि हसू. शिंतोतल्या ‘नोरितो’ या प्रार्थनाही अशाच: देवाचं गुणगान करायचं, नैवेद्य काय काय आणलाय ते सांगायचं आणि मग मागणं मागायचं. आपलं गाऱ्हाणं यापेक्षा फार वेगळं नाही.

उझुमेच्या त्या नाचातून ‘कागुरा’ हे देवनृत्य निघालं, असं मानतात. मियाझाकी प्रांतातल्या ताकाचिहो भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गावोगावी रात्रभर कागुरा चालतो. त्यात ३३ नृत्यं असतात आणि गुहेचा प्रसंग त्यांचा गाभा. मराठी वाचकाला इथे गोंधळ आठवणारच. चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटवायची आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीत गावोगावच्या देवदेवतांना नावानिशी बोलवायचं. असे कुलाचार देवासला पोचले ते मराठ्यांबरोबर. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू माळव्यात आले. देवासमध्ये पुढे त्यांच्या घराण्यांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांच्यामागोमाग आलेल्या मराठी घरांनी आपले कुलाचारही सोबत आणले.

फरक आहे तो शेवटात. अमातेरासू पूर्ण बाहेर आली, जगात पुन्हा उजेड झाला. देवासची थोरली अर्धी जमिनीतच राहिली आणि धाकटी तिला सोडून गेली नाही. नवरात्रात लोक टेकरी चढतात ते दोघींच्या दर्शनाला. एकीचंच दर्शन घेऊन सहसा कुणी परतत नाही.