चाकाचे नट आवळताना

गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रेलरवाल्या सभासद बंधूंची गॅरेजात गर्दी होते. लायनर बदलायचे, चाके चढवायची आणि लगेच उसाच्या फडात! घाई समजते, पण भरल्या ट्रेलरचे चाक रस्त्यात निखळले, तर समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने काय करावे?

लायनर एकाच बाजूचे बदलू नयेत. दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. त्यांना ग्रीसचा हात तर लावूच नका.

नटांचे म्हणाल, तर बहुतेकांचे येथेच चुकते. डिस्क आणि हबच्या मध्ये गंज, माती वा रंगाचा जाड थर राहिला, की तो चालताना दबतो आणि घट्ट आवळलेला नट ढिला पडतो. म्हणून बसण्याची जागा तारेच्या ब्रशने घासून घ्यावी. नट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत; ओळीने आवळल्यास चाक वाकडे बसते. पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहणे ही काही मर्दुमकी नव्हे. त्याने स्टड ताणतो आणि पुढे भाराखाली तुटतो. कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळणे उत्तम. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

आणि हो, रस्त्यावर निघण्याआधी ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडलेत ना, तेही बघा. वेगात एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागीच वळतो आणि मागचा ऊस त्याला उलथवतो.